कला आणि कोडिंग एकत्र शिकवणाऱ्या स्वतंत्र शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कच्या 'स्कूल फॉर पोएटिक कॉम्प्युटेशन'चं नाव कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवर वाचून प्रश्न विचारणारे वाढले आहेत. त्यांत कलाशाखेचे विद्यार्थी असतात, हिंजवडीत जावा लिहून कंटाळलेले असतात आणि या दोघांचे आईवडीलही असतात. प्रत्येकाची काळजी वेगळी, त्यामुळे खालच्या प्रश्नांना फारसा क्रम नाही. या प्रकारच्या शाळांमध्ये सगळ्यांत जास्त चर्चा झालेली शाळा म्हणून मुख्य उदाहरण तिचंच घेतलं आहे. बाकीच्या पुढे येतील.

ही शाळा म्हणजे नक्की काय? कॉलेज की क्लास?

दोन्ही नाही. झॅक लीबरमन, तेयून चोई, अमित पितारू आणि जेन लोव या चौघांनी २०१३ मध्ये ती सुरू केली. दहा आठवड्यांचं सत्र, वर्गात पंधरा-वीस जण आणि शेवटी सगळ्यांसाठी खुलं प्रदर्शन, अशी मूळ रचना होती. परीक्षा नाही, गुण नाहीत आणि कुठल्या विद्यापीठाशी संलग्नताही नाही.

अशी शाळा वेगळी काढावी का लागली, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल. कलेच्या कॉलेजात कोडिंग म्हणजे शेवटच्या वर्षाचा ऐच्छिक विषय आणि इंजिनीअरिंगच्या कॉलेजात कला म्हणजे गॅदरिंग. अमेरिकेत परिस्थिती इतकी वाईट नव्हती. न्यूयॉर्क विद्यापीठाचा आयटीपी हा कला आणि तंत्रज्ञान जोडणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७९ पासून चालू आहे आणि या क्षेत्रातली कितीतरी माणसं तिथूनच बाहेर पडली. पण त्यासाठी दोन वर्षं द्यावी लागतात आणि फी अमेरिकन विद्यापीठाची. ज्याला दहा आठवडे खोल बुडी मारायची आहे, पण पदव्युत्तर पदवीचं कर्ज डोक्यावर घ्यायचं नाही, त्याच्यासाठी काही नव्हतं.

जागेची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ही शाळा बरीच वर्षं मॅनहॅटनमधल्या वेस्टबेथ नावाच्या संकुलात भरत होती. तिथे पूर्वी बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळा होत्या. त्या हलल्यावर १९७० मध्ये इमारतीत कलाकारांसाठी परवडणारी घरं झाली. म्हणजे आधी शास्त्रज्ञ, मग चित्रकार आणि मग दोन्ही व्हायचं असलेली ही मंडळी.

'पोएटिक' म्हणजे संगणकाकडून कविता लिहून घेतात का?

कुणी घेतही असेल, पण मुद्दा तो नाही. शाळेचं एक घोषवाक्य आहे, त्याचा आशय असा: डेमो कमी, कविता जास्त. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये 'डेमो दाखवा नाहीतर मरा' अशा अर्थाचं वाक्य प्रसिद्ध होतं. हा टोला त्याला आहे. गुंतवणूकदाराला तीन मिनिटांत भुरळ घालणारी वस्तू करायची, ही संगणकक्षेत्राची जुनी सवय. इथे तुमच्या कोडमधून काय विकलं जाईल, हे विचारलं जात नाही. तुम्हाला काय म्हणायचंय आणि ते कोडशिवाय म्हणता आलं नसतं का, हे विचारलं जातं. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. पुष्कळ 'क्रिएटिव्ह कोडिंग', म्हणजे कोडमधून केलेली कला, त्या प्रश्नापुढे आडवं पडतं.

वर्गात प्रत्यक्ष काय करतात?

शिकवणारा बदलला की विषय बदलतो, त्यामुळे एक ठरलेला अभ्यासक्रम सांगता येणार नाही. पण तीन गोष्टी जवळून पाहू.

पहिली, जुनी कामं पुन्हा करणं. लीबरमन यांचा 'रीक्रिएटिंग द पास्ट' हा वर्ग याच कल्पनेवर उभा आहे. पुढे त्यांनी तो एमआयटीतही शिकवला. संगणक-कलेतला एखादा जुना कलाकार घ्यायचा, त्याचं काम नीट न्याहाळायचं आणि आजच्या कोडमध्ये ते पुन्हा घडवायचं. उदाहरणार्थ वेरा मोल्नार. १९२४ मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या, आयुष्य पॅरिसमध्ये काढलेल्या या चित्रकर्तीच्या हाताला १९६८ मध्ये संगणक लागला. पण त्याआधी सुमारे दहा वर्षं त्या 'काल्पनिक यंत्र' चालवत होत्या. नियम लिहायचे आणि संगणक असता तर त्याने जे केलं असतं ते स्वतःच्या हाताने कागदावर काढायचं. त्यांच्या एका मालिकेत एकात एक बसवलेले चौकोन आहेत आणि त्यांचे कोपरे किंचित हललेले आहेत. बघायला सोपं वाटतं. करायला बसलात की कळतं की कोपरा किती हलवायचा, यातच सगळं चित्र आहे. दोन पिक्सेल हलवला तर छपाईची चूक वाटते, वीस हलवला तर कचरा. मोल्नार यांनी एका कामाच्या नावातच अव्यवस्थेचं प्रमाण सांगून टाकलं होतं: एक टक्का. तो आकडा सापडेपर्यंत विद्यार्थ्याची एक रात्र जाते आणि ती रात्र कुठल्याही व्याख्यानाने भरून निघत नाही.

दुसरी, सूचना. अमेरिकन संकल्पनावादी कलाकार सोल लेविट यांचं १९७१ चं ११८ क्रमांकाचं भित्तिचित्र म्हणजे खरं तर एक परिच्छेद आहे: भिंतीवर पन्नास ठिपके कुठेही, पण साधारण सारख्या अंतरावर द्या आणि सगळे एकमेकांना सरळ रेषांनी जोडा. हे कोडमध्ये लिहायला दोन लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारे तुकडे, पुरतात आणि १,२२५ रेषा क्षणात उमटतात. गंमत पुढे आहे. 'कुठेही' आणि 'सारख्या अंतरावर' या दोन अटी एकमेकींशी भांडतात. माणूस ते भांडण डोळ्यांनी मिटवतो. संगणकाला मात्र ते कसं मिटवायचं हे सांगावं लागतं आणि पाच विद्यार्थी ते पाच तऱ्हांनी सांगतात.

तिसरी, हाताने बनवलेला संगणक. तेयून चोई विद्यार्थ्यांना सुटे भाग जोडून तार्किक परिपथ (लॉजिक सर्किट) बांधायला लावत, म्हणजे एक अधिक एक हे यंत्राच्या पोटात कसं होतं ते बोटांना कळतं. त्यांच्या एका कार्यशाळेत माणसंच प्रोसेसरचे भाग होऊन डम्पलिंग बनवत. गणपतीच्या आदल्या दिवशी एकीने उकड मळायची, दुसरीने पारी, तिसरीने सारण आणि चौथीच्या हातात कळ्या पाडणं आलं की रांग कुठे तुंबते ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना पाइपलाइन, म्हणजे प्रोसेसरमधली कामाची अशीच रांग, वेगळी शिकवावी लागणार नाही.

मला कोडिंग अजिबात येत नाही. / मला साधा आंबाही काढता येत नाही. प्रवेश मिळेल का?

दोन्ही प्रश्न सारख्याच संख्येने येतात, म्हणून एकत्र घेतले. काही वर्ग अगदी नवख्यांसाठी असतात, काहींना थोडं कोड येणं अपेक्षित असतं आणि ते वर्गाच्या माहितीत लिहिलेलं असतं. चित्र काढता येण्याची अट सहसा नसते. माझ्या मते कोड येणाऱ्यांना जास्त त्रास होतो. चालणारा प्रोग्राम म्हणजे पूर्ण झालेला प्रोग्राम, ही सवय हाडात मुरलेली असते. 'चालतंय की, मग?' यानंतरच इथलं काम सुरू होतं.

तिथे जाण्याआधी घरी काय शिकता येईल?

जवळपास सगळंच आणि फुकट.

पी५ (p5.js) या कोडमधून चित्रं काढायच्या मोफत साधनापासून सुरुवात करा. त्याची वंशावळ थोडक्यात अशी: मीडिया लॅबमध्ये जॉन माएदा यांच्या गटात शिकणाऱ्या केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये प्रोसेसिंग सुरू केलं, कलाकारांना कोड लिहिता यावं म्हणून. २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी तीच कल्पना ब्राउझरमध्ये आणायला घेतली, ते पी५. त्याचा संपादक वेबपानावरच चालतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही. जुना लॅपटॉप पुरतो. फोनवरही उघडतं, पण फोनवर कंस शोधत बसण्याची शिक्षा स्वतःला देऊ नका. संकेतस्थळाचं हिंदी रूप आहे, ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांना त्याचा आधार होईल. शिकवण्यासाठी डॅनियल शिफमन यांचे यूट्यूबवरचे 'कोडिंग ट्रेन' व्हिडिओ आहेत. मास्तर इतके उत्साही आहेत की सुरुवातीला आवाज कमी करावासा वाटेल. दोन भागांनंतर सवय होते.

सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर ओपनफ्रेमवर्क्स हे त्याच धर्तीचं साधन पाहा. लीबरमन, थिओ वॉटसन आणि आर्तुरो कास्त्रो यांनी ते उभं केलं. त्याचं काय होऊ शकतं हे समजायला २००९ चा 'आयरायटर' प्रकल्प पुरेसा आहे. लॉस एंजेलिसचा टेम्प्ट वन हा ग्राफिटी कलाकार एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने पूर्ण खिळला होता, फक्त डोळे हलत होते. स्वस्त चष्म्याची फ्रेम आणि खेळाच्या यंत्राचा कॅमेरा जोडून या मंडळींनी डोळ्यांनी रेषा काढायचं साधन केलं. दवाखान्याच्या खाटेवरून त्याने काढलेली अक्षरं शहरातल्या इमारतीवर प्रकाशाने उमटली. सगळा कोड खुला ठेवला.

मराठी अक्षरांवर काम करता येतं का? माझी अक्षरं फुटतात.

येतं, पण वाटेत खड्डे आहेत आणि ते तिथल्या शिक्षकांना माहीत असतीलच असं नाही. म्हणून जरा सविस्तर.

पी५च्या १ क्रमांकाच्या आवृत्त्यांमध्ये फॉन्टची फाइल स्वतः चढवून मजकूर लिहिला की वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. कारण चढवलेला फॉन्ट पी५ स्वतः रेखाटतं आणि देवनागरीची जुळणी त्याच्या आतल्या साधनाला येत नाही. उपाय सोपा आहे: फॉन्ट सीएसएसने (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) पानात आणा आणि पी५ला फक्त त्याचं नाव सांगा. मग रेखाटन ब्राउझर करतो आणि ब्राउझरला देवनागरी उत्तम येते. फॉन्ट हवा असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात.

दुसरा खड्डा: अक्षराच्या कडेवरचे बिंदू काढून देणारी आयती सोय देवनागरीला दगा देते, त्याच कारणाने. तेव्हा पडद्यामागे एक वेगळा कॅनव्हास घ्या, त्यावर काळ्या रंगात 'स्त्री' लिहा, पिक्सेल वाचत जा आणि जिथे काळं सापडेल तिथे आपला ठिपका ठेवा. त्या कॅनव्हासची पिक्सेल-घनता आधी १ करायला विसरू नका, नाहीतर चांगल्या पडद्याच्या लॅपटॉपवर हिशेब चुकतो आणि अर्धंच अक्षर दिसतं.

तिसरा: शब्दाची अक्षरं वेगळी करणं. 'क्षितिज' आपल्या दृष्टीने तीन अक्षरं, पी५ ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टच्या दृष्टीने सात तुकडे. एकेक तुकडा हवेत उडवायला गेलात की हलन्त आणि वेलांट्या सुट्या भटकतात. अर्थात कुणाला हेच चित्र करायचं असेल तर विषय चांगला आहे.

पदवी मिळते का? व्हिसाचं काय?

पदवी नाही. त्यामुळे पुढे एम.ए.ला क्रेडिट म्हणून किंवा सरकारी नोकरीत पात्रता म्हणून याचा उपयोग नाही.

व्हिसाचं गणित आधी करा. अमेरिकेच्या एफ-१ विद्यार्थी व्हिसासाठी आय-२० हा फॉर्म लागतो आणि तो फक्त तिथल्या सरकारने एसईव्हीपी या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेखाली मान्य केलेल्या संस्थाच देऊ शकतात. छोट्या स्वतंत्र शाळांचा सहसा त्यात समावेश नसतो. 'पर्यटक व्हिसावर जाऊन शिकून येतो' असं कुणी सुचवलं तर आधी शाळेला लेखी विचारा. एजंटच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका.

२०२० नंतर बरेच वर्ग ऑनलाइन झाले, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय. पण घड्याळ बघा. न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसहाचा वर्ग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे चार आणि हिवाळ्यात पाच. बर्लिनमधल्या शाळेचा (ती पुढे येईल) संध्याकाळी सातचा वर्ग उन्हाळ्यात रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला येतो. सकाळी नऊला लॉगिन असलेल्याने बर्लिन निवडावं.

फी किती? शिष्यवृत्ती?

आकडा वर्गागणिक बदलतो, चालू आकडा अर्जाच्या पानावरच पाहा. डॉलर किंवा युरोतली फी रुपयांत आणली की धक्का बसतो, म्हणून शिष्यवृत्तीचा रकाना लाजून रिकामा सोडू नका. या शाळा फीमध्ये सवलत देण्याबद्दल मोकळ्या असतात. आपली मुलं मात्र 'मागितलं तर प्रवेश नाकारतील' या भीतीने मागत नाहीत. प्रत्यक्ष जाऊन शिकायचं असेल तर फीपेक्षा शहराचं भाडं भारी पडतं. न्यूयॉर्कमधले दहा आठवडे कमाई न करता राहणं हाच खरा खर्च. अशा शाळांवरची सगळ्यांत रास्त टीकाही हीच: दार सगळ्यांना उघडं असलं, तरी दारापर्यंत कोण पोचू शकतो?

मुलाला नोकरी लागेल का?

पालकांनो, सरळ उत्तर: या शाळेमुळे लागणार नाही. कॅम्पस प्लेसमेंट नाही, पॅकेज नाही. संग्रहालयांची दालनं, जाहिरात आणि चित्रपटांची दृश्यकामं, माहितीची चित्रं, खेळ, फॉन्ट, अध्यापन अशा ठिकाणी ही माणसं दिसतात आणि बहुतेकांचा एक पाय पोटापाण्याच्या कामात असतो. तुमच्या मुलाने किंवा मुलीने सहा महिने कुणी न सांगता असली कामं केली असतील तर पाठवण्याचा विचार करा. नोकरीचा कंटाळा आला म्हणून बदल हवाय एवढंच कारण असेल, तर सहलीला पाठवा. स्वस्तात होईल.

अर्जात काय लिहायचं?

'मला लहानपणापासून कला आणि तंत्रज्ञान यांची आवड आहे' हे सोडून काहीही. एक प्रश्न लिहा, जो तुम्हाला खरोखर छळतो. उदाहरणार्थ, सातबाऱ्याच्या उताऱ्याचं चित्र करायचं तर आणेवारी, म्हणजे एकाच गटातले भावाभावांचे हिस्से, कसे दिसतील? आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीचा नियम तिला न विचारता, नुसत्या फोटोंवरून काढता येईल का? यातला दुसरा प्रश्न हवेतला नाही. कोलम या तमिळ रांगोळीचं व्याकरण मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी यांनी १९७०च्या दशकात संगणकशास्त्राच्या चौकटीत मांडलं होतं. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीवर तसं काम करायला भरपूर वाव आहे. सोबत दोन-तीन अर्धवट कामं जोडा. गुळगुळीत पोर्टफोलिओपेक्षा त्यातून माणूस जास्त कळतो.

दुसऱ्या शाळा कोणत्या?

बर्लिनमध्ये रेचल उवा यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली 'स्कूल ऑफ मशीन्स, मेकिंग अँड मेक-बिलीव्ह' आहे. काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम, सूर खेळकर आणि थोडा बंडखोर. सॅन फ्रान्सिस्कोत 'ग्रे एरिया' ही संस्था मिशन स्ट्रीटवरच्या जुन्या ग्रँड थिएटरात चालते. तिथे वर्ग, प्रदर्शनं आणि कार्यक्रम एकाच छताखाली होतात. न्यूयॉर्कचं 'रिकर्स सेंटर' २०११ मध्ये 'हॅकर स्कूल' नावाने सुरू झालं. ती कलेची शाळा नव्हे, पण फी नाही, शिक्षक नाहीत आणि आपापलं शिकायचं, हा तिचा नमुना पाहण्यासारखा आहे. कोड आधीच येत असेल तर तिथेही अर्ज करा.

अशा शाळा टिकतात का?

टिकण्याचा त्यांचा लौकिक नाही. कलाकारांनी चालवलेल्या शाळांमध्ये जिचं नाव सतत घेतलं जातं, ती नॉर्थ कॅरोलायनातली ब्लॅक माउंटन कॉलेज १९३३ ते १९५७ एवढीच चालली आणि पैशांअभावी बंद पडली. न्यूयॉर्कची शाळा २०२१ च्या सुमारास मोठ्या वळणावरून गेली. संस्थापक बाजूला झाले आणि तिथे शिकलेल्या-शिकवलेल्या काही जणांनी मिळून कारभार हाती घेतला. त्यानंतर शाळेत तंत्रज्ञान कुणाच्या हातात आहे, कुणाच्या विरोधात वापरलं जातं, हे प्रश्न जास्त ठळक झाले. म्हणून २०१५ मध्ये तिथे शिकलेल्या कुणाचा अनुभव वाचून आज अर्ज करू नका. आत्ताचे वर्ग आणि आत्ताचे शिक्षक पाहा.

आता एआय कोड लिहितं, मग शिकायचं कशाला?

मोल्नार यांचा एक टक्का एआयला विचारून पाहा. आकडा देईल. तो बरोबर आहे का, हे बघणारा डोळा तयार करायला वर्ग आहे.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात असं काही आहे का?

नेमकी अशी शाळा दाखवता येणार नाही, पण जवळचे रस्ते आहेत. आयआयटी मुंबईचं आयडीसी १९६९ पासून डिझाइन शिकवतं. तिथेच शिकवणारे आर. के. जोशी (१९३६–२००८) हे कवी, सुलेखनकार आणि फॉन्टकार होते. विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. सरकारी पत्रांत पाहून पाहून तो आपल्याला इतका ओळखीचा झालाय की त्यामागे एक कवी आहे हे लक्षातही येत नाही. कला आणि प्रोग्रामिंग एकाच टेबलावर आणायला त्यांना परदेशी शाळा लागली नव्हती, पण संस्थेचं पाठबळ लागलं होतं. हाताने वस्तू करायच्या असतील तर मुंबईत २०१३ मध्ये सुरू होऊन पुढे गोव्याला गेलेली 'मेकर्स असायलम' ही सामायिक कार्यशाळा आहे. पणजीला डिसेंबरात होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात या प्रकारची कामं बघायला मिळतात.

आम्ही चार मित्र आहोत. आम्हीच असं काही सुरू करू शकतो का?

करा. एक खोली, वायफाय, प्रोजेक्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर पांढरी भिंत आणि पेन्सिली. पहिल्या रविवारी लेविट यांचे पन्नास ठिपके हाताने करा, कोडने नंतर. दर वेळी एकाने शिकवायचं आणि तोच माणूस लागोपाठ दोनदा नको. फी ठेवू नका, पण चहाचे पैसे आधीच गोळा करा. सहाव्या आठवड्यापर्यंत निम्मे गळतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. प्रदर्शनाची तारीख मात्र पहिल्याच दिवशी जाहीर करा आणि घरच्यांना बोलवा. काका 'हे काय आहे?' असं विचारणारच. त्याचं उत्तर कुणी द्यायचं, तेही त्याच दिवशी ठरवून टाका.